जवसाचे सहा हात

१८ नोव्हेंबर १९३६, बुधवार. पिंपळगाव राजा.

खामगावच्या कापसाच्या प्रेसमध्ये एकोणीस वर्षं फिटर होतो. तिथले म्हातारे मिस्त्री म्हणायचे, मोतीराम, जे लिहून ठेवलं नाही ते दुसऱ्या खेपेला जमत नाही. म्हणून ही वही. घरचा मळा धाकटा भाऊ बघतो. त्याच्या वांग्या-मिरच्यांना माझी गरज नाही आणि मलाही त्यांची नाही.

काम असं आहे. चामड्याची मोट कुजते. लोखंडी मोट आली तेव्हा लोकांना वाटलं जन्माची ददात मिटली, पण नदीकडच्या मचूळ पाण्याच्या विहिरीत ती वर्षभरात गंजून चाळणी होते. मिस्त्री यंत्राच्या भागांना जवसाच्या तेलाचे हात देऊन भट्टीत भाजायचे. तेल तापून घट्ट होतं आणि लोखंडावर कातडीसारखं बसतं. मग ते तेल राहतच नाही. नखानं निघत नाही, रॉकेलनं जात नाही, पाणी आत शिरत नाही. मोटेला हे आजवर कुणी केलेलं नाही. मी करणार.

परसात विटांची भट्टी बांधून झाली. मोट उभी राहील एवढी आहे.

२२ नोव्हेंबर, रविवार

तेलासाठी उकंड्याकडे गेलो. उकंडराव घाणेवाला, माझ्याबरोबर एका पाटीवर शिकलेला. बायको वारली, लेक आशा धाड गावी दिली, आता तो आणि त्याचा बैल. मारुतीच्या देवळातल्या दिव्याचं तेल तीन पिढ्या त्याच्या घरचं.

"काय बे मोत्या, आता लोखंडाले तेल पाजून राह्यला?"

"लोखंड तुझ्यासारखं फुकट गप्पा हाणत नाही, म्हणून त्यालाच पाजतो."

"पाज बाबा पाज. पन सांगून ठिवतो, तेलात खोट निंघाली त घाना इकून टाकीन."

घाणा धुऊन, पहिलं तेल बाजूला काढून, तीनदा गाळून दिलं त्यानं. मिस्त्री असते तर पाठ थोपटली असती.

२९ नोव्हेंबर, रविवार

पहिल्या तीन मोटा झाल्या. रीत लिहून ठेवतो. लोखंड विटकरीनं घासायचं, राखेच्या पाण्यानं धुवायचं, उन्हात वाळवायचं. मग उघड्या हातानं शिवायचं नाही, कारण हाताचा तेलकटपणासुद्धा चालत नाही. तेलात चिमूटभर मुर्दाडशिंगाची, शिशाच्या राखेची, पूड घालून कढवायचं, म्हणजे लवकर सुकतं. फडक्यानं हात द्यायचा तो इतका पातळ की दिलाय की नाही कळू नये. भट्टीत कागदाचा कपटा टाकून बघायचा, तो तपकिरी झाला पाहिजे, काळा नाही. एक घटका भाजायचं. असे सहा हात.

शेवटच्या हातानंतर मोट जांभळासारखी काळी चकचकीत निघाली. बायकोला, रुखमाला, हाक मारून दाखवली. ती लांबूनच बघून म्हणाली, "चांगली झाली." जवळ ये म्हटलं तर आली नाही. बायकांना यातलं काय कळणार.

९ डिसेंबर, बुधवार

नदीकाठचे शेषराव देशमुख स्वतः आले. एक मोट त्यांनी आठ दिवस मचूळ पाण्यात बुडवून ठेवली होती. गंजाचा ठिपकाही नाही. बारा मोटांचं काम दिलं. म्हणाले, "हे टिकलं त अख्ख्या पट्ट्यात तुमचंच नाव होईल, मोतीराम."

उकंड्याला सांगितलं तर त्यानं बैल थांबवून मला मिठीच मारली. अंगाला पेंडेचा वास लागला तो लागलाच.

१९ डिसेंबर, शनिवार

कापूस घेऊन गेलेल्या गाड्या खामगावहून परत येताना माझ्या कोऱ्या मोटा आणतात. पाच मंगळवारी आल्या होत्या, उरलेल्या सात गुरुवारी निरोप आला होता त्याप्रमाणे आज सकाळी आल्या.

रुखमा दारातच उभी राहिली. शनिवारी लोखंड घरात घेऊ नये, घेतलंच तर तेलाची पाच बोटं ओढल्याशिवाय त्याला अग्नी दाखवू नये, नाहीतर शनी कामाला ग्रहण लावतो. हे तिच्या माहेरचं शास्त्र. मी सांगितलं, शनीला म्हणावं फिटरकी शिकून ये. आणि तेलाची वाटी भट्टीच्या आसपास दिसली तर वाटीसकट भट्टीत घालीन, असंही सांगितलं. ती "बरं" म्हणाली. विषय संपला. माझ्या घरात माझा शब्द मोडत नाही.

२१ डिसेंबर, सोमवार

बाराही मोटा काल घासून, धुऊन, वाळवून झाल्या. आज पहाटे उठलो तर रुखमा माझ्याही आधी परसात. भट्टीपुढची जागा सारवत होती. पदराआड काहीतरी होतं, बहुतेक हळदकुंकू. असू दे, जमीन सारवायला मनाई नाही.

पहिला हात दिला. उकंड्यानं दोन घागरी तेल पोचवलं आहे.

४ जानेवारी १९३७, सोमवार

बारा मोटा देशमुखांकडे रवाना. गाडी वळेपर्यंत मी रस्त्यात उभा होतो. उकंड्या शेजारी होता, म्हणाला, "लेक सासरी निंघाल्यावानी पाहून राह्यला बे." रागावणार होतो, पण डोळ्यांत खरंच पाणी होतं.

११ फेब्रुवारी, गुरुवार

कसं लिहू.

बारातल्या सात मोटा परत आल्या. देशमुखांचा गाडीवाला चावडीपुढेच गाडी सोडून उभा राहिला, सगळ्या गावाच्या देखत. काठाखाली, आतल्या अंगाला, वरून खाली पाच-पाच रेघांत थर सुटलेला. कांद्याच्या सालीसारखा नुसत्या बोटानं निघतो. खाली लोखंड गंजलेलं, एकीला तर भोकं पडलेली. सातही मोटांना त्याच जागी.

देशमुख घोडीवरून आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "मोतीराम, मी पट्ट्यात तुमचं नाव घेतलं होतं." एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

पाटील भगवानराव ओट्यावर होते. त्यांनी विचारलं, "काऊन झालं असं?" सगळे माझ्याकडे बघत होते. माझं घासणं चुकलेलं नाही, भट्टी चुकलेली नाही, एकूण एक हात वहीत लिहिलेला आहे. पाच मोटा ठीक आणि सात खराब, याचा अर्थ एकच निघतो. पहिल्या घागरीतलं तेल चोख, दुसरीत भेसळ. भुईमुगाचं तेल सुकत नाही, तेच मिसळलं असणार.

मी म्हणालो, "तेल खोटं."

उकंड्याला बोलावणं गेलं. तो आला, वाकला, एका मोटेच्या रेघांवर स्वतःची बोटं ठेवून पाहिली. सुटलेला पापुद्रा नाकाशी नेला, बोटांत चुरगाळला. मग मोट हळूच खाली ठेवली आणि गप्प बसला. चोराला बोलायला तोंड नसतं.

भगवानराव म्हणाले, "मोतीराम, अंदाजानं बोलू नोका. पाह्यलं का तुमी?"

मी म्हणालो, "पाहिलं. भुईमुगाचं तेल घागरीत ओतताना या डोळ्यांनी पाहिलं."

उकंड्यानं मान वर केली. "मोत्या, तू पाह्यलं?"

"हो."

"तू पाह्यलं म्हंतो, त मंग झालं," म्हणाला आणि उठून गेला.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

पाहिलं नव्हतं. इथं तरी खरं लिहितो. पण दुसरं कारण असूच शकत नाही, तेव्हा पाहिल्यासारखंच आहे. निर्दोष माणूस असा गप्प बसेल का? मी असतो तर चावडी डोक्यावर घेतली असती.

रात्री जेवताना रुखमा उकंड्याबद्दल म्हणाली, "भाऊजी तसं करनार नाईत." मी ताट भिरकावलं. ती भाकरीचे तुकडे गोळा करत बसली, पुन्हा बोलली नाही. कुठं थांबायचं ते तिला आता कळतं.

२८ फेब्रुवारी, रविवार

जवसाची सुगी आहे, पण उकंड्याच्या घाण्यावर कुणी पोतं नेत नाही. लोक दोन कोस लांब जातात. आज समजलं, देवळाच्या दिव्याचं तेलही भगवानरावांनी दुसऱ्या घरी दिलं. खोटं तेल देवाला कसं चालेल, असं कुणीतरी म्हणालं म्हणे. हे मात्र मी म्हणालो नव्हतो.

घाण्यावरून गेलो. बैल सावलीत रवंथ करत होता. उकंड्या खुंटीला टेकून बसला होता. त्यानं मला पाहिलं आणि तोंड फिरवलं नाही, मीच फिरवलं.

१७ मार्च, बुधवार

उकंड्या गाव सोडून गेला. घाणा आणि बैल विकला. धाडला लेकीकडे गेला म्हणतात. बाप लेकीच्या गावचं पाणी पीत नाही, आणि हा तिथं राहायला गेला.

आज काही काम केलं नाही.

१७ एप्रिल, शनिवार

पुन्हा उभं राहायचं ठरवलं. खामगावच्या गिरणीतलं जवसाचं तेल आणलं, मोहोरबंद डब्यातलं. दोन कोऱ्या मोटा गाडीनं आज आल्या. या दोन चोख करून देशमुखांच्या दारात नेऊन ठेवतो. मग गावालाही कळेल खोटं कुणाचं होतं.

रुखमा दारात आली, गेली.

१९ एप्रिल, सोमवार

पहाटे खोकल्यानं जाग आली. परसात दिवा दिसला.

रुखमा काल घासून ठेवलेल्या मोटेपाशी वाकली होती. तिळाच्या तेलात हळद कालवलेली वाटी डाव्या हातात. उजव्या हाताची पाच बोटं बुडवून तिनं मोटेच्या आत, काठाखाली, वरून खाली ओढली. अंधार असलेल्या जागी, मला दिसू नयेत अशी. मग पदरानं ओघळ पुसला. ती पुटपुटत होती ते मला ऐकू आलं. "शनिदेवा, ह्यायच्या कामाले यश दे. राग माह्यावर काढ, ह्यायच्यावर काढू नोको."

मी दाराच्या आतच राहिलो. ती दुसऱ्या मोटेकडे वळली तेव्हा मी परत जाऊन अंथरुणावर पडलो आणि झोपेचं सोंग घेतलं.

मंगळवारच्या पाच, शनिवारच्या सात. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

२० एप्रिल, मंगळवार

ती शेण आणायला गेली तेव्हा जुनी एक मोट पालथी करून रेघांवर माझी बोटं ठेवून पाहिली. माझी बोटं जाड पडतात. बारीक हाताच्या रेघा आहेत त्या.

उकंड्यानं चावडीत हेच करून पाहिलं होतं.

२४ एप्रिल, शनिवार. धाड.

काल मोटारीनं बुलढाण्याला आणि तिथून गाडीनं इथं आलो. धर्मशाळेत बसून लिहितो आहे.

उकंड्या दुसऱ्याच्या घाण्यावर बैल हाकतो. लेकीच्या ओसरीत निजतो, पण पाण्याची घागर वेगळी, गल्लीच्या टोकाच्या विहिरीवरून स्वतः आणतो, भाकरी स्वतः थापतो. आशानं मला चहा विचारला नाही. तिचं बरोबर आहे.

मी त्याला म्हणालो, "उकंड्या, तेल चोख होतं. मी काही पाहिलं नव्हतं. चावडीत खोटं बोललो."

तो बैलामागं चालत राहिला. एक फेरा झाल्यावर म्हणाला, "मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"पापुद्र्याले तिळाच्या तेलाचा वास होता. खाली हळद. माह्याच घान्याचं तीळतेल ते. शुक्रवारी वहिनी वाटीभर घेऊन गेल्ती. शनिवारी तेल घेत नाईत ना, म्हून शुक्रवारी."

मला राग आला. हे इथं लिहितो कारण खरं आहे, त्या क्षणीसुद्धा मला रागच आला. "मग चावडीत तोंड का शिवलं होतंस? एक शब्द बोलला असतास तर तुझा घाणा आज तुझा असता!"

उकंड्यानं बैल थांबवला.

"अन् वहिनीचं काय झालं असतं बे? कांद्याचं बी भिजलं म्हून तू तिले दीड वरीस माहेरी टाकली होती. सारं गाव समजावून थकलं. मीच गेल्तो तिले आनाले, आठोते? येताना रस्ताभर वहिनी एकच इचारे, भाऊजी, ते मारतीन त नाई? चावडीत तिचं नाव घेतलं असतं, त तू तिले तिथून घरी नेली असती का? घाना काय, लाकडाचा असते."

दीड वर्षं मी इतकी सहज विसरलो होतो की या वहीत त्याचा उल्लेखसुद्धा नाही. मी म्हणालो, गावी चल, चावडीत सगळ्यांपुढं सांगतो, घाणा नवा घालून देतो.

"तू सांग. तुह्या जिवाले बरं वाटीन. पन मी नाई येत. लोक माफी देतीन, पन दिव्यात तेल घालताना माह्या हाताकडं पाह्यतीन." मग म्हणाला, "सांगशीन त एक कर. वहिनीचं नाव घेऊ नोको."

निघताना त्यानं त्याच्या घागरीतलं पाणी दिलं. मी प्यायलो.

२६ एप्रिल, सोमवार

सकाळी चावडीत सांगितलं. उभा राहूनच. तेल चोख होतं, लोखंडावर ओशट राहिलं होतं, चूक माझ्या घासण्यातली, आणि डोळ्यांनी पाहिलं म्हणालो ते धादांत खोटं. भगवानराव म्हणाले, "मोतीराम, आमी तुमच्या शब्दावर देवाचा दिवा बदलला." कुणीतरी मागं थुंकलं. मी ऐकून घेतलं. कुणी चार शिव्या दिल्या असत्या तर त्याही घेतल्या असत्या.

दुपारी घरी आलो. वाटेत मनाशी ठरवलं होतं, रुखमाला हे कधीच सांगायचं नाही. पण चावडीतली गोष्ट माझ्याआधी घरी पोचली होती. लोखंडावर ओशट राहिलं, एवढं तिच्या कानावर आलं आणि तिला पुढचं आपोआप समजलं.

चूल विझवलेली. टोपलीत दोन दिवसांच्या भाकरी फडक्यात गुंडाळलेल्या, शेजारी ठेचा. दाराशी गाठोडं बांधून ठेवलेलं. ती भिंतीला लागून उभी होती, हात पाठीमागं.

"माह्यानं झालं ना ते? तेलानं?"

मी गाठोड्याकडे बघितलं. बोलायला हवं होतं.

"भाऊजीचा घाना माह्यापायी गेला," ती म्हणाली. "कोनाच्या गाडीनं जाऊ, तेवढं सांगा. कपडे आधीच बांधून ठिवले. मांगच्या खेपीले अंगावरच्या लुगड्यावर काढलं होतं."

बावीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. लोखंडाला उघडा हात लागू नये म्हणून मी जपलो. हिला माझा हात किती आणि कसा लागला ते मला आज तिच्या पाठीमागं लपवलेल्या हातांवरून कळलं. मी म्हणालो, "कुठं जायचं नाही. तुझी चूक नाही. सगळं माझं आहे."

तिनं मान हलवली. विश्वास ठेवलेल्या माणसाची मान तशी हलत नाही. मी एक पाऊल पुढं टाकलं तर ती भिंतीला आणखी चिकटली. म्हणून मी बाहेर येऊन ओट्यावर बसलो.

३० एप्रिल, शुक्रवार

भट्टी मोडली. विटा भावाला दिल्या. रुखमा माझ्याशी नीट बोलते, विचारलं तर उत्तर देते, वेळेवर वाढते. मी गाठोडं सोड म्हणालो. ती म्हणाली, "राहू द्या, काय खाते ते." मी स्वतः सोडायला गेलो आणि हात लावायची हिंमत झाली नाही.

आज चौथा दिवस आहे. सकाळी झाडताना ती गाठोडं उचलते, त्याच्या खालची जागा झाडून घेते आणि पुन्हा दाराशी ठेवते.